नोकरी गेली, आता पावती फाडू का?

पगार सुरू असताना युनियनची वर्गणी भरणं एकवेळ समजू शकतं. पण पिंक स्लिप हातात पडल्यावरही? मोबाइलवर आलेल्या एका मेसेजनं सुरू झालेला हा हिशेब म्हसवडच्या एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी जाऊन पोचला.

मेसेज आला तेव्हा मी पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दुपारी साडेबारा वाजता पोहे खात होते. मंगळवारी. नोकरी गेल्यावर कळतं, की मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता सोसायटीत किती शांत असतं.

मेसेज असा होता : ‘प्रिय सभासद, आपली दोन महिन्यांची वर्गणी बाकी आहे. कृपया भरावी.’

मी मोठ्यांदा हसले. मग चिडले. अरे बॉस, माझी नोकरी गेलीय! तुम्हाला माहीत आहे, माझ्याबरोबर लेबर ऑफिसला तुम्हीच आला होतात! आणि आता मलाच दोनशे रुपये मागताय?

तुमच्यापैकी अनेकांना इथेच पहिला प्रश्न पडला असेल. ऑफिसात काम करणारी, गळ्यात आयडी कार्ड घालणारी, कॅबनं जाणारी मुलगी युनियनची सभासद कशी? युनियन म्हणजे लाल झेंडा, गेट मीटिंग आणि जुन्या मराठी सिनेमातला भोंगा. मलाही तसंच वाटायचं. वर्षभरापूर्वी आमच्या फ्लोअरवरच्या एका सीनिअरनं नाइट शिफ्टच्या कॅबवरून झालेल्या भांडणात आयटीवाल्यांच्या एका संघटनेची मदत घेतली. तिच्या नादानं आम्ही सात-आठ जणींनी फॉर्म भरले. महिन्याला शंभर रुपये. दोन कटिंग आणि एक सँडविच. कोण विचार करतं?

विचार नोकरी गेल्यावर सुरू होतो.

‘सही करा, विषय संपवा’

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी एचआरनं बोलावलं. खोलीत एसी फुल, टेबलावर पाण्याची सीलबंद बाटली आणि टिश्यूचा डबा. टिश्यू पाहूनच मला कळायला हवं होतं. ‘रीस्ट्रक्चरिंग’ हा शब्द तीनदा आला, ‘दुर्दैवानं’ दोनदा. मग पुढ्यात कागद सरकवला. राजीनामा. माझाच, पण त्यांनी टाइप केलेला. सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार आणि छानसं रिलीव्हिंग लेटर. नाही केलीत तर काढून टाकल्याचं पत्र, आणि ‘मग पुढच्या कंपनीत काय सांगणार तुम्ही?’

आमच्या टीममधल्या चौदा जणांना त्या दिवशी बोलावलं. अकरा जणांनी सही केली. मी वॉशरूमला जायचं निमित्त करून बाहेर आले आणि संघटनेच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून एक शांत आवाज म्हणाला, ‘आज कशावरही सही करू नका. जे काय म्हणायचंय ते ई-मेलवर द्या म्हणावं. आणि आयडी काढून घ्यायच्या आत तुमच्या पगाराच्या स्लिपा आणि अपॉइंटमेंट लेटर स्वतःच्या मेलवर आहेत ना, ते बघा.’

तीन वाक्यं. वर्षभराच्या बाराशे रुपयांत मला मिळालेली. त्यांची किंमत मला नंतर कळली. स्वतःहून राजीनामा दिला, की कायद्याच्या भाषेत ती कपात राहतच नाही. ‘मला काढलं’ असं म्हणायची सोय आपणच आपल्या सहीनं संपवतो.

मी सही केली नाही. आठवड्यानं मला काढून टाकल्याचं पत्र मेलवर आलं. आम्ही तिघांनी संघटनेमार्फत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दिली. दोन तारखा झाल्या. नोटिशीचा पगार सुटला, रिलीव्हिंग लेटर मिळालं. नुकसानभरपाईचं घोडं अजून अडलेलंच आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, म्हणजे फंडा क्लिअर राहील. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्रानं त्याच दिवशी मुकाट सही केली. दोन महिन्यांचा पगार घेतला आणि तीन आठवड्यांत दुसरीकडे चिकटला. तो म्हणतो, ‘तू केस लढतेयस, मी ईएमआय भरतोय.’ त्याच्या घरी आजारी आई आहे. त्याचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मग शंभर रुपये भरू की नको? मी मेसेज तसाच ठेवला आणि यात्रेला गावी निघून गेले.

गाव तसं कोरडं, पण...

माझं गाव म्हसवड. सातारा जिल्हा, तालुका माण. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागायचं. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले असं करत एसटी पुढे सरकते, तशी खिडकीबाहेरची हिरवळ विरळ होत जाते. गाव सिद्धनाथाचं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि जगभर पांगलेला माणदेश त्या दिवशी गावात असतो.

‘जगभर पांगलेला’ हे उगाच म्हणत नाही. इथं पाऊस कमी, म्हणून माणसं बाहेर. इकडची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, माथाडी म्हणून बंदरात आणि बाजारात गेली. माण-खटाव आणि पलीकडे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची पोरं सोन्या-चांदीच्या गलाई धंद्यात शिरली आणि पार तमिळनाडू-केरळपर्यंत दुकानं टाकून बसली. माझ्या घरात यातले दोन नमुने आहेत. आबा, म्हणजे आजोबा, गिरणीतले. बाबा गलाईतले. दोघांचं युनियनवर एकमत होणं म्हणजे माण नदीला उन्हाळ्यात पूर येणं.

जेवताना मी मेसेजचा विषय काढला. बाबा फाटकन म्हणाले, ‘एक रुपया देऊ नकोस. युनियननं या घराला काय दिलं ते विचार तुझ्या आबांना. संप दिला. दुसरं काय?’

आबा भाकरी मोडत होते. काहीच बोलले नाहीत. हात धुऊन आत गेले आणि हाक मारली, ‘ये गं पोरी हिकडं. ट्रंक खाली घ्यायचीय.’

ट्रंकेतला संप

ट्रंक पत्र्याची, हिरवी, कोपऱ्यात गंजलेली. आत घोंगडीत गुंडाळलेलं एक पुडकं. त्यात गिरणीचा लाल पास, तिकीट नंबर असलेलं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड आणि रबरबँडनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा. काही गुलाबी, काही पिवळ्या. शाई उडालेली. मी तारखा बघत गेले. १९७६, १९७९, १९८१. ठीक. मग १९८४. १९८५. १९८६.

‘आबा, तुमची नोकरी तर संपात गेली ना? मग या पावत्या कसल्या?’

‘युनियनच्या.’

‘पण नोकरी नव्हती...’

‘न्हाय ना. म्हनून तर.’

ज्यांना तो संप फक्त सिनेमात ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे साठ गिरण्यांचे जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्या पगारवाढीच्या, बोनसच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या. आणि एक मागणी थेट आपल्या विषयाची : आमची युनियन कोणती, हे आम्हाला ठरवू द्या. कारण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन असायची आणि मालकांशी करार करायचा अधिकार तिचाच. तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. बहुसंख्य कामगार सामंतांमागे गेले तरी टेबलावरची खुर्ची हलली नाही. सरकार आणि मालक नमले नाहीत. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, तो नुसता विरत गेला. हजारो कामगार पुन्हा कधीच गिरणीत परतले नाहीत.

म्हणजे बाबांचा राग हवेतला नाही. आबा साचे खात्यात होते, दोन साचे चालवायचे. १९८३ला लालबागची खोली सोडून ते म्हसवडला आले, तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. मुंबईची शाळा सुटली, पंधराव्या वर्षी गलाईच्या भट्टीसमोर बसले. त्यांच्या लेखी या सगळ्याची पावती युनियनच्या नावानंच फाडायची.

‘मग तुम्ही पैसे का भरत राहिलात?’ मी विचारलं.

आबा म्हणाले, ‘यात्रेला मुंबईहून एक जण यायचा. आपल्याच गावचा. पावतीबुक घेऊन देवळाच्या मागं बसायचा. गिरणीतली समदी तिथं जमायची. कुठली गिरणी चालू झाली, कुनाचा फंड निघाला, कुठला कागद लागतो, समदं त्याच्याकडनं कळायचं. वर्गणी दिली की पावती. ती पावती म्हंजे काय सोन्याचं नाणं न्हाय. पन त्याच्या वहीत आपलं नाव ऱ्हायचं.’

‘न देणाऱ्यांनाही कळायचंच की ते.’

‘व्हय, कळायचं. त्यास्नी माझ्याकडनं कळायचं. पन मला कुनाकडनं कळायचं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एमबीएवाले ज्याला फुकट्या प्रवाशाचा प्रश्न म्हणतात, तो आबांनी बसल्या जागी मांडला होता.

आजीचा व्हेटो

पण गोष्ट इतकी गोड नाही. गठ्ठ्यात १९८७, ८८ आणि ८९च्या पावत्याच नव्हत्या. त्याचा खुलासा स्वयंपाकघरातून आजीनं केला. ‘मीच बंद केल्या. घरात बाजरी न्हाय आन् ह्यो मुंबईवाल्यास्नी पैसं वाटतोय. तीन साल देऊ दिलं न्हाय म्या.’

त्या तीन वर्षांत आबा लाजेनं देवळामागं गेलेच नाहीत. आणि नेमकं त्याच काळात गिरणीकडे अडकलेल्या एका रकमेसाठी अर्ज घेतले जात होते. आबांना कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. मग मुंबईच्या खेपा, चार साहेब, आठ सह्या. पैसे मिळाले, पण दोन वर्षं उशिरा. आजी म्हणते, ‘बाजरीचंबी खरं हुतं आन् त्येबी खरं हुतं.’ घरातला सगळ्यात संतुलित रिपोर्ट तिचाच.

पुढची कथा तुम्ही पेपरात वाचली असेल. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. २००१मध्ये विकास नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम बदलला आणि शहराच्या व कामगारांच्या वाट्याची जमीन आक्रसली. मार्च २००६मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो बदल उचलून धरला. तरी गिरणी कामगारांच्या संघटना घरांच्या मागणीवर अडून राहिल्या. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला घर, असं ठरलं. म्हाडाकडे सुमारे दीड लाख अर्ज आले. जून २०१२मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, मार्च २०२०मध्ये ३,८९४ घरांची. अर्ज आणि घरं यांचा मेळ तुम्हीच घालून बघा.

आबांनी अर्ज भरला, कारण देवळामागच्या त्या माणसाच्या मुलानं फोन करून सांगितलं. घर अजून लागलेलं नाही. आणि गंमत अशी, की पात्रतेसाठी जे कागद चालतात त्यांत लाल पास आहे, तिकीट नंबर आहे, फंडाचा आणि ईएसआयचा क्रमांक आहे, पगाराची पावती आहे. युनियनची पावती नाही!

‘म्हणजे या गठ्ठ्याचा उपयोग शून्य?’ मी म्हटलं.

आबा लाल पासावरची धूळ पुसत होते. म्हणाले, ‘पास जपून ठेव, फेकू नकोस, असं सांगितलं कुनी? लोकांनी रागानं चुलीत घातले पास.’

कायदा काय म्हणतो?

पुण्याला परतल्यावर मी इमोशन बाजूला ठेवून गृहपाठ केला. ज्या मुद्द्यांनी माझं मत बदललं ते इथं देते.

पहिला मुद्दा म्हणजे, नोकरी गेली म्हणून तुम्ही युनियनसाठी परके होत नाही. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट म्हटलं, की निवृत्त झालेला किंवा कपातीत गेलेला कर्मचारी युनियनचा पदाधिकारी होण्यासाठी ‘बाहेरचा’ मानला जाणार नाही. यात्रेच्याच आठवड्यात, २१ नोव्हेंबर २०२५ला, औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला. ही तरतूद तिथंही कायम आहे. त्याच २००१च्या दुरुस्तीनं वर्गणीचा किमान आकडाही ठरवला होता. ग्रामीण कामगाराला वर्षाला एक रुपया, असंघटित क्षेत्रात तीन, इतरांना बारा. महिन्याचे नव्हेत हं, वर्षाचे! त्यावरची रक्कम युनियन स्वतःच्या घटनेत ठरवते. त्यामुळे बेरोजगार सभासदाला सवलत द्यायची का, हेही तिच्याच हातात.

दुसरा मुद्दा युनियनवाले फार जोरात सांगत नाहीत. काढून टाकल्याबद्दल दाद मागायला युनियन लागतेच असं नाही. एकट्या कामगाराचा वादही औद्योगिक वाद मानला जातो. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यावर ४५ दिवसांत काही झालं नाही, तर तो स्वतः पुढे जाऊ शकतो. मुदत मात्र सांभाळायची. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन.

मग युनियन कशाला? तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात, ज्यात माझी तक्रार आहे, समेटाच्या बैठकीत वकील चालतच नाही. पुढे कामगार न्यायालयातही समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते. युनियनचा पदाधिकारी मात्र तुमच्या बाजूनं बसू शकतो. पलीकडे कंपनीचा एचआर हेड असतो, ज्यानं अशा पन्नास बैठका केल्यात. अलीकडे तुम्ही एकट्या, हातात झेरॉक्सची पिशवी. माझ्या पहिल्या तारखेला शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असण्याची किंमत मी शंभर रुपयांहून जास्त लावीन.

तिसरा मुद्दा आपल्या मॅनेजर मंडळींसाठी. हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या ‘कामगारा’ला आहे. व्यवस्थापकीय काम करणारे त्याच्या बाहेर. सुपरवायझरचं काम असेल आणि पगार महिन्याला १८,००० रुपयांच्या वर असेल, तर नव्या संहितेत तेही बाहेर. कोर्ट व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं. ‘असिस्टंट मॅनेजर’ लिहून दिवसभर डेटा एंट्री करणारे आपल्यात कमी आहेत का?

जेटपासून स्वीडनपर्यंत

‘आपल्यासारख्यांना युनियन लागत नाही’ हा समज अधूनमधून कोसळतो. ऑक्टोबर २००८ आठवतोय? मंदीच्या तडाख्यात जेट एअरवेजनं एका फटक्यात शेकडो केबिन क्रूंना घरी बसवलं. मुलं-मुली गणवेशातच रस्त्यावर उतरली, राज ठाकरे यांना भेटली, आणि दोन दिवसांच्या आत कंपनीनं सगळ्यांना परत घेतलं. केवढी बातमी झाली होती! पण तो आवाज उसना होता. एप्रिल २०१९मध्ये जेटची विमानं कायमचीच जमिनीवर आली, तेव्हा गणवेश रस्त्यावर येऊनही कुणी विमान उडवू शकलं नाही. जुलै २०२५मध्ये टीसीएसनं दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचं जाहीर केलं. सुमारे बारा हजार माणसं. त्यानंतर पुण्यातल्या आयटी पार्कांतल्या चहाच्या टपऱ्यांवर ‘युनियन’ हा शब्द पुन्हा ऐकू यायला लागला.

परदेशात तर काही ठिकाणी हा प्रश्नच उलटा आहे. बेल्जियमच्या गेंट शहरात १९०१मध्ये एक पद्धत सुरू झाली. युनियननं बेकारांसाठी फंड चालवायचा आणि नगरपालिकेनं त्यात भर घालायची. आज स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमध्ये बेकारभत्ता युनियनशी नातं असलेल्या फंडांतून मिळतो. तिकडचा माणूस नोकरी जाईल म्हणूनच वर्गणी भरतो. आपल्या हेल्थ इन्शुरन्ससारखं. ब्रिटनमध्ये ‘युनाइट’ या बड्या युनियननं २०११च्या सुमारास बेकार आणि विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला ५० पेन्सचं वेगळं सभासदत्व सुरू केलं.

आपल्याकडे युनियनकडून भत्ता मिळत नाही. आपल्याकडे मिळते ती माहिती, बाजूला बसणारा माणूस आणि वहीतलं नाव. ते शंभर रुपयांचं आहे का, हे युनियन कोण चालवतं यावर अवलंबून.

मग मी काय केलं?

मी त्या शांत आवाजाला फोन लावला आणि तीन प्रश्न विचारले.

एक, नोकरी नसलेल्यांना वर्गणी किती? तो म्हणाला, ‘निम्मी. पन्नास. मेसेज सगळ्यांना सरसकट गेला, सॉरी. तेही जमत नसेल तर कळवा, समितीपुढे ठेवू.’

दोन, माझी तक्रार संपेपर्यंत तुम्ही याल का, मी एक पैसा दिला नाही तरी? तो क्षणभर थांबला. ‘येऊ. हातात घेतलेलं काम सोडत नाही. पण खरं सांगू? सगळ्यांनीच असं म्हटलं तर पुढच्या वर्षी फोन उचलायला मी नसेन.’

तीन, हिशेब दाखवाल? इथं मला वाटलं तो चिडेल. नोंदणी झालेल्या युनियनच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा सभासदाला कायद्यानं हक्क आहे, हे मी वाचून गेले होते. तो म्हणाला, ‘शनिवारी या. वर्षभरात हे विचारणाऱ्या तुम्ही दुसऱ्या.’

शनिवारी गेले. छोटीशी खोली, दोन खुर्च्या, एक प्रिंटर. खर्चात प्रवास, कोर्ट फी, झेरॉक्स. झेरॉक्सच सगळ्यात जास्त! एका नोंदीचं बिल सापडेना. त्यानं पेननं तिथं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या सभेत खुलासा करू म्हणाला. मला ते आवडलं. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘प्रश्नचिन्हाचं उत्तर मिळालं की मला कळव.’ त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ.

वर्षभरापुरते पन्नास रुपये भरायचे असं मी ठरवलंय. वर्षानं पुन्हा हिशेब बघेन. ज्यांच्या घरात बाजरीचा प्रश्न आहे त्यांनी आधी बाजरी भरावी. पण वर्गणी थांबवली तरी देवळामागं जाणं थांबवू नये, हे आबांच्या तीन कोऱ्या वर्षांवरून मला कळलं. लाजायचं तर मुळीच नाही. नोकरी गेली, ती काही आपण चोरून नेलेली नाही.

पैसे भरल्यावर आबांना व्हिडिओ कॉल केला. मोबाइलवर आलेली पावती दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिली.

‘ही हातात कशी धरायची?’

‘आबा, पीडीएफ आहे ती. मोबाइलमध्येच राहते.’

‘मोबाइल बिघाडला मंजी?’

पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली. पन्नासची पावती, पाच रुपयांची प्रिंट. आबांनी ती घडी घालून गठ्ठ्यात ठेवली आणि रबरबँड लावलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, ‘तिच्या कंपनीची पत्रंबी ठेवा त्यातच. ती लागतील.’

पावती फाडण्याआधी...

• राजीनाम्याच्या कागदावर त्याच क्षणी सही करू नका. जे बोलणं झालं ते ई-मेलवर मागा.

• अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, पीएफ क्रमांक यांच्या प्रती ऑफिसच्या लॅपटॉपबाहेरही हव्यात. आणि हो, एक प्रत कागदावर!

• वर्षभर सलग नोकरी केलेल्या कामगाराची कपात झाली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळायला हवा. नव्या संहितेत याखेरीज १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत खात्यात जमा व्हायची तरतूद आहे.

• वर्षाच्या आत कंपनीनं त्याच कामासाठी पुन्हा भरती काढली, तर कपात झालेल्यांना संधी द्यावी, असंही संहिता म्हणते. ही बातमी तुम्हाला कोण सांगणार? वहीत नाव असेल तर फोन येईल.

• युनियनला विचारा : नोंदणी आहे का, बेरोजगारांना वर्गणी किती, थकबाकी झाली तर सभासदत्वाचं काय, हिशेब कधी बघायला मिळेल. उत्तर टाळणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.